फासा टाकण्याआधी काय पणाला लागलंय ते सांगा

दर रविवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी रोलप्लेइंग गेम चालवते: खेळाडू एकेक पात्र होतात, मी गोष्ट सांगते, आणि पात्राचं काम जमलं का ते फासा ठरवतो. खेळ कुठे बेचव होतो ते मला एका कुलपाने शिकवलं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची पाचवी आवृत्ती, माझ्या मावसबहिणीचं चोराचं पात्र आणि कुलूप लावलेलं दार. लागणारा आकडा १५, फाशाच्या आकड्यात मिळवायचा तिचा बोनस ३. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. शक्यता ४५ टक्के. चार वेळा टाकला, चारही वेळा हुकला. दरवेळी मी "नाही उघडलं" एवढंच म्हटलं. पाचव्या वेळी तिने फाशाऐवजी फोन उचलला. चूक माझी होती.

आता कुणी फासा उचलला की मी आधी विचारते, "तुला नेमकं काय हवंय?" मग दोन्ही बाजू सांगते: "जमलं तर दार गुपचूप उघडेल. हुकलं तरी उघडेल, पण पहारेकरी कंदील घेऊन वळणावर आलेला असेल." हुकल्याने काहीच बदलणार नसेल, तर फासा टाकायलाच लावू नका. घाई नाही, धोका नाही? उघडू द्या दार. आणि एका कामाला एकच दान. परिस्थिती बदलल्याशिवाय दुसरं नाही.

खरी मजा मधल्या निकालात आहे. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या दुसऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकून बोनससकट बेरीज करतात: १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर जमतं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आले तर संकट. बोनस १ असेल तर ३६ पैकी १६ वेळा मधलाच निकाल येतो, म्हणून गोष्ट सतत पुढे सरकते. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांनाही हे करता येतं: एक-दोनने हुकलं तर किंमत घेऊन यश द्या. खेळ चालवणाऱ्यासाठीच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात तशी ऐच्छिक सोय आहे.

किंमत मात्र खेळाडूलाच निवडू द्या. लढाईत प्रत्येक वाराला हे करत बसू नका, खेळ रेंगाळतो.

पुढच्या कुलपाला बहिणीला एकूण १४ पडले. मी विचारलं, "तार मोडू दे की आवाज होऊ दे?" ती खुर्चीत पुढे सरकली, बाकीचे तिघं एकदम बोलायला लागले, आणि तिने आवाज निवडला.