मासेमारीच्या रॉडच्या लाकडी रीलसीटचं (रीळ जिथे बसते त्या भागाचं) भोक तिरकं जात होतं, ते असं सुटलं

लक्षण असं: शिसवीचा तुकडा लेथवर छान गोल कातला जायचा, पण मधून भोक पाडलं की ते दुसऱ्या टोकाला दीड-दोन मिमी बाजूला निघायचं. एका अंगाला भिंत पातळ राहायची आणि रॉडवर बसवताना तिथेच चीर जायची. नवा ड्रिल बिट, कमी वेग, शिसवीऐवजी सागवान, कशानेच फरक पडला नाही. इतकं देखणं लाकूड वाया जाताना जीव तुटायचा.

लाकडाच्या रेषा बिटला मऊ बाजूकडे ओढतात. म्हणून क्रमच उलटा केला: आधी भोक, मग कातकाम.

२५ मिमी चौकोनी, १२० मिमी लांब तुकडा लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये (तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागात) धरा. टेलस्टॉकमधून (चकच्या समोरच्या टोकाच्या आधारातून) सेंटर ड्रिलने, म्हणजे छोट्या जाड बिटने, मधोमध खळगा करा, मग थेट १० मिमीचा बिट. आधी बारीक बिट घालू नका. तो वाकतो आणि जाड बिट त्याच्याच वाटेने जातो. दर १० मिमीला बिट बाहेर काढून भुसा झाडा.

आता तुकडा काढून भोकाच्या दोन्ही तोंडांत शंकूच्या आकाराचे आधार बसवा आणि त्यांच्यामध्येच फिरवा. भोक थोडं तिरकं असलं तरी बाहेरचा गोलावा आता भोकालाच धरून येतो. महत्त्वाचं आहे ते हेच.

टोकांना पातळ सुपरग्लू मुरवून, वाळल्यावर धारदार गोल पटाशीने काता. आमच्या खानापूरकडच्या पावसाळ्यात अर्धा मिमी जादा ठेवून तुकडा आठवडाभर घरात ठेवतो, मगच शेवटचा हात आणि पॉलिश पेपर.