दोन राशी एकदम बदलत असतील तर दर कसा काढावा

वाळूचा शंकूच्या आकाराचा ढीग घ्या. वरून वाळू पडतेच आहे, पण ढीग पसरतोय आणि बसतोयही. या क्षणी त्रिज्या १२ सेंमी, उंची १४ सेंमी. त्रिज्या सेकंदाला ०.३ सेंमीने वाढते, उंची ०.५ सेंमीने घटते. मग घनफळ वाढतंय की घटतंय?

आधी नुसतं सूत्र लिहा: घ = पाय × त्र² × उ ÷ ३ (घ म्हणजे घनफळ, त्र त्रिज्या, उ उंची आणि पाय म्हणजे π, सुमारे ३.१४). आकडे घालायची घाई नको. १२ आणि १४ आत्ताच घातले तर घ हा एक ठरावीक आकडा होतो आणि त्याचा विकलज, म्हणजे बदलाचा दर, शून्य.

आता आंशिक विकलज (चिन्ह ∂), म्हणजे एकच राशी बदलू देऊन काढलेला दर. त्र बदलू द्या, उ ला स्थिरांक माना: ∂घ/∂त्र = २ × पाय × त्र × उ ÷ ३. मग उलट करा: ∂घ/∂उ = पाय × त्र² ÷ ३. साखळी नियमाने दोन्ही जोडायचे:

घनफळाचा दर = (∂घ/∂त्र × त्रिज्येचा दर) + (∂घ/∂उ × उंचीचा दर)

आकडे घालायची वेळ आता आली. पहिलं पद ११२ पाय × ०.३ = ३३.६ पाय. दुसरं ४८ पाय × (−०.५) = −२४ पाय. बेरीज ९.६ पाय, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.२ घन सेंमी. घनफळ वाढतंय. घटत्या उंचीचं उणे चिन्ह विसरलात तर ५७.६ पाय येतं, बरोबर सहापट!

शंका असेल तर ०.०१ सेकंदानंतरचं घनफळ थेट काढा: त्रिज्या १२.००३, उंची १३.९९५. घनफळ ६७२ पायवरून सुमारे ६७२.०९५९ पायवर जातं, म्हणजे दर ९.५९ पाय. जुळलं.

कधी कधी उंची कायम त्रिज्येच्या दुप्पट असते, अशी अट दिलेली असते. तेव्हा सूत्रात उ = २त्र घालून एकाच चलाचं विकलन करा, नाहीतर दोन्ही पदं ठेवून उंचीचा दर त्रिज्येच्या दराच्या दुप्पट घ्या. दोन्ही एकदम केलंत तर उंचीचा परिणाम दोनदा मोजला जातो.

कोन बदलत असेल, उदाहरणार्थ त्रिकोणाच्या दोन बाजूंमधला, तर त्याचा दर रेडियनमध्येच हवा. सेकंदाला २ अंश हे पाय ÷ १८० ने गुणून घ्या, नाहीतर ते पद सुमारे ५७ पट फुगतं.