जुन्या पिकअपची ताकद वाढवण्याआधीची तयारी

बारा-पंधरा वर्षांची डिझेल पिकअप रोज पहाटे भाजीपाला घेऊन शाहू मार्केट यार्डात जाते, दुपारी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फेऱ्या मारते, आणि एके दिवशी चालकाच्या तोंडून “गाडी आता ओढत नाही” हे वाक्य येते. त्यानंतर बहुतेक जण डिझेलचे प्रमाण वाढवायला थेट इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या स्क्रूपाशी जातात. त्या स्क्रूला हात लागण्याआधी कोणती कामे कोणत्या क्रमाने उरकावीत, कोणती कागदपत्रे जवळ ठेवावीत आणि कोणत्या कामाला गाडी किती दिवस उभी राहील, हे ठरवण्यासाठी पुढील यादी लिहिली आहे. माझी गाडी २००९ सालची, यांत्रिक पंपाची आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेली आहे, त्यामुळे बहुतेक तपशील तिच्यावरून आले आहेत. कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनांत जेथे फरक पडतो, तेथे तसे सांगितले आहे.

पहिली गोष्ट वही. गाडी आज किती ओढते हे कागदावर नसेल, तर खर्च केल्यानंतर फरक पडला की नाही हे केवळ मनाच्या समाधानावर ठरते. कोल्हापूरकरांना यासाठी केर्लीहून जोतिबाच्या डोंगरावर जाणारा चढ सोयीचा आहे. चैत्र यात्रेचे दिवस आणि रविवार टाळून सकाळी लवकर, ठरावीक वजन घालून, ठरावीक खुणेपासून ठरावीक वळणापर्यंत गाडी चढवावी आणि लागलेला वेळ, कोणत्या ठिकाणी गिअर उतरवावा लागला, तापमानाचा काटा कुठे गेला आणि आरशात धूर कोणत्या रंगाचा दिसला, हे सोबतच्या माणसाने लिहावे. दुसरी नोंद डिझेलची असावी. एकाच पेट्रोल पंपावर टाकी पूर्ण भरून किमान तीन वेळा सरासरी काढावी, कारण ताकद आणि सरासरी एकदमच घसरली असेल तर दोष बहुधा इंजिनाच्या श्वासात, इंधनात किंवा चाकांच्या अडखळण्यात असतो.

तुलना करताना हवामानही सारखे असावे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथील हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते, आणि पंधरा अंशांच्या थंडीतील हवेपेक्षा एप्रिलमधील अडतीस अंशांची हवा आणखी सात टक्के विरळ असते. डिसेंबरातली नोंद आणि एप्रिलमधली नोंद शेजारी ठेवून मेस्त्रीला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलेली गाडी हलकी वाटते, त्यात टर्बो नसलेल्या इंजिनाच्या बाबतीत या हवेचाही खरा वाटा असतो.

वहीनंतर इंजिनाबाहेरची चोरी शोधावी. जॅक लावून चारही चाके हाताने फिरवून पाहावीत. एखादे चाक ब्रेकमुळे घट्ट फिरत असेल किंवा हँडब्रेक पूर्ण सुटत नसेल, तर इंजिनाची ताकद ब्रेक लायनर तापवण्यात जात असते. टायरमधील हवा, व्हील अलाइनमेंट आणि बेअरिंग एकाच फेरीत पाहावे. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर प्रत्येक गिअर लांब झालेला असतो आणि चढावर तो जाणवतो. हौद्यावर नंतर चढवलेल्या लोखंडी जाळ्या, जाड पत्रा आणि पुढचा गार्ड यांचे वजन काट्यावर करून घ्यावे, कारण गाडी रिकामी असतानाही ते रोज वाहिले जाते. क्लचची परीक्षाही याच वेळी करावी. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट सरकत आहे, आणि अशा गाडीच्या इंजिनावर केलेला सगळा खर्च त्या प्लेटवर जळून जाईल.

त्यानंतर हवा. डिझेल इंजिनाला मिळणाऱ्या हवेवर त्याने जाळायच्या इंधनाची मर्यादा ठरते, म्हणून यादीतील हा भाग सर्वांत बारकाईने करावा असे मला वाटते. फाउंड्रीच्या परिसरात फिरणाऱ्या आणि ऊस-हंगामात शेतरस्त्यांवर जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. तो कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाने झोडपला तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि त्यातून गेलेली बारीक धूळ सिलिंडरचे लायनर व पिस्टनच्या रिंगा घासते. म्हणून फुंकायचाच असेल तर आतून बाहेर आणि कमी दाबाने फुंकावा, अन्यथा नवा घालावा. फिल्टरच्या डब्याचे रबर सील, हवा ओढणाऱ्या नळीचे तोंड आणि ती नळी गरम इंजिनाजवळची हवा ओढते की बाहेरची, हे पाहावे. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तेथून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) प्रत्येक होज, म्हणजे रबरी नळी, काढून आतून तपासावे, कारण बाहेरून धडधाकट दिसणारे जुने रबर भाराखाली फुगते किंवा चिरेतून हवा सोडते. जोडावर तेलकट काळा डाग दिसला की गळती तेथेच समजावी. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहावा. किंचित आडवा हलला तर हरकत नाही, परंतु पाते कवचाला घासत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकत असेल तर टर्बोचे काम आधी, बाकीचे नंतर. जळालेला वायू बाहेर पडण्याची वाटही मोकळी हवी. खड्ड्यात आपटून चेपलेला पाइप आणि आतून सुटलेला सायलेन्सर इंजिनाचा गळा दाबतो, तो मूळ मापाचा नवा बसवावा. सायलेन्सर काढून टाकल्याने आवाज मोठा होतो आणि कानाला ताकद वाढल्याचा भास होतो. जोतिबाच्या चढावरचे घड्याळ तसे सांगत नाही.

इंधनाची तयारी हवेपाठोपाठ. टाकीतील गाळ, फीड पंपाची जाळी, दोन्ही डिझेल फिल्टर आणि पाणी साचणारी वाटी हे सर्व एकाच दिवशी साफ करून घ्यावे, पावसाळ्यात तर वाटीतील पाणी दर आठवड्याला सोडावे. सकाळी इंजिन बराच वेळ फिरवावे लागत असेल तर पाइपाच्या जोडांतून हवा शिरते आहे असा संशय घ्यावा आणि तांब्याचे वॉशर नवे टाकून हँड पंपाने हवा काढावी. त्यानंतर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढून डिझेल पंपाच्या दुकानात टेस्टरवर लावावेत, त्यांचा दाब आणि फवारा स्वतः उभे राहून पाहावा. थेंब टाकणारे नोझल धूर करते, तेल पातळ करते आणि पिस्टनचा माथा जाळते. चालू इंजिनावर कॉमन रेलचा पाइप सैल करून तपासण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती कोणालाही करू देऊ नये. त्या पाइपात हजार बारहून अधिक दाब असू शकतो आणि तो फवारा कातडी भेदून शरीरात जातो.

टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतील फट) कंपनीच्या पुस्तकातील मापावर, पुस्तक सांगते त्या थंड किंवा गरम स्थितीत बसवावेत, आणि पंपाचे टायमिंग, म्हणजे डिझेल सोडण्याची वेळ, खुणेवर आहे की नाही हे त्याच वेळी पाहावे.

इंजिन उघडायचे की नाही याचा निर्णय कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब) तपासल्याशिवाय घेऊ नये. चारही सिलिंडरचे आकडे वहीत लिहावेत; त्यांच्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा सर्वच आकडे पुस्तकातील किमान मर्यादेखाली असतील, तर बाहेरची कोणतीही सेटिंग ती उणीव भरून काढणार नाही. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) जोराने येणारा धूर, धुराड्यातून येणारा निळसर धूर आणि आठवड्याला घटणारे तेल या खुणा त्याच दिशेने बोट दाखवतात. अशा वेळी कोल्हापुरात राहण्याचा मोठा फायदा असा की शिवाजी उद्यमनगरात बोरिंग व होनिंग (सिलिंडर आतून कापणे व घासणे), क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंगची (हेडचा पृष्ठभाग सपाट करण्याची) कामे करणारी दुकाने एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि ऑइल इंजिनांवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसलेले कारागीर येथे भेटतात. तेथे जाण्याआधी कोणते माप कोणी घ्यायचे हे ठरवून घ्यावे. बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, माप वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी घेतलेले कागदावर मागावे. हेड फेसिंग केल्यास पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातील अंतर तपासून गॅस्केटची जाडी निवडावी, कारण डिझेल इंजिनात हे अंतर मुळातच फार थोडे असते. या कामाला आठ-दहा दिवस धरावेत, दुकानाच्या साप्ताहिक सुट्ट्या विचाराव्यात आणि तेवढ्या दिवसांसाठी दुसऱ्या गाडीचे भाडे आधीच बोलून ठेवावे. भाजीच्या फेऱ्या अडल्यामुळे घाईने उचललेले इंजिन मी पाहिले आहे, आणि ती घाई पुन्हा गॅरेजच्या दारात आणून सोडते.

इतके झाल्यानंतर पंपाकडे यावे. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या पंपाचा स्क्रू केवळ कानाने ऐकून फिरवला गेला, गाडी आठवडाभर सुसाट पळाली आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर भरल्या वजनात काळा धूर ओकत तापली. उघडल्यावर एका पिस्टनची कड वितळलेली निघाली आणि त्याच वेळी हवेचे फुटके होजही सापडले, म्हणजे हवा कमी असताना इंधन वाढवले गेले होते. म्हणून पंप गाडीवर असताना न छेडता उतरवून टेस्ट बेंचवर न्यावा, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक सिलिंडरला मिळणारे इंधन समान करून घ्यावे आणि त्यावर वाढ हवीच असेल तर ती अगदी थोडी ठेवावी. धुराड्यात टर्बोच्या आधी तापमापक बसवता आला तर तो खर्च करावा. चढावर काटा सातशे अंशांच्या पुढे टिकून राहत असेल तर इंधन कमी करणे हाच उपाय. कॉमन रेल गाडीत स्क्रूची जागा संगणकातील नकाशा (मॅप, म्हणजे कधी किती डिझेल सोडायचे याचा तक्ता) घेतो, आणि तोही बदलण्याआधी वरील सर्व कामे तशीच करावी लागतात.

ताकद वाढली की उष्णता वाढते. रेडिएटर उतरवून आतून-बाहेरून धुवावा, फॅनचा पट्टा, वॉटर पंप आणि कूलंट पाहावे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय मोडावी, कारण थंड चालणारे इंजिन झिजते आणि डिझेल जास्त पिते. ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल आणि मागचे स्प्रिंगचे पाटे यांचे काम ताकदीच्या कामाआधी पूर्ण झालेले असावे. नोंदणी पुस्तकात लिहिलेले एकूण वजन मात्र इंजिन कितीही सुधारले तरी तेवढेच राहते, कारण चासी, ॲक्सल आणि ब्रेक तेच आहेत.

कागदपत्रांसाठी वेगळी फाइल करावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेला भाग मूळ मापाच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे; दुसऱ्या जातीचे इंजिन बसवण्याचा विचार असेल तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन लेखी विचारावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे त्या तारखेआधी किमान महिनाभर काम संपेल असे वेळापत्रक धरावे. धुराची मर्यादा भारत स्टेज चार या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेल गाडीला ६५ आणि भारत स्टेज चारला ५० हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचे माप) आहे. पंपाचे काम झाले की दुसऱ्याच दिवशी पीयूसी करून तो आकडा वहीत चिकटवावा. तो आधीपेक्षा वाढला असेल तर जास्तीचे डिझेल न जळता धुराड्यातून जात आहे, असे समजून पंप पुन्हा बेंचवर न्यावा.

इंजिन बांधले असेल तर पहिले हजार किलोमीटर पूर्ण भार घालू नये, मात्र गाडी एका जागी तासन्‌तास नुसती चालू ठेवूनही रिंगा बसत नाहीत. हलके वजन घालून बदलत्या वेगाने चालवावी, त्यानंतर तेल आणि ऑइल फिल्टर बदलावा आणि टॅपेट पुन्हा पाहावेत. मगच तेवढेच वजन, तोच चढ, तशीच सकाळ. माझ्या गाडीत हवा, नोझल, क्लच आणि एक अडकलेला मागचा ब्रेक एवढे काम झाल्यावर ज्या वळणावर दुसरा गिअर घ्यावा लागत असे ते वळण तिसऱ्यात पार झाले, आणि पंपाचा स्क्रू बेंचवरून आला होता तसाच आजही आहे.