इंग्रजी शब्दांच्या जोड्या : हळदीच्या पेढीवरील पत्रव्यवहाराचा अनुभव

सांगली, मिरज, तासगाव या भागात मराठी माध्यमातून शिकलेली अनेक मुले पदवीनंतर हळद किंवा बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांवर कामाला लागतात आणि थोड्याच दिवसांत परदेशी ग्राहकांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे येते. मीही याच वाटेने मार्केट यार्डातील एका पेढीवर रुजू झालो. या कामात नवीन येणाऱ्यांचे व्याकरण बहुधा पुरेसे पक्के असते आणि शब्दसंग्रहही बरा असतो, पण कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो हे ठाऊक नसल्यामुळे त्यांचे गाडे अडते, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मराठीत पाऊस मुसळधार असतो, ऊन रणरणते, थंडी बोचरी आणि चांदणे टिपूर. या जोड्या आपल्याला कोणी पाठ करायला लावल्या नाहीत. घरादारात ऐकून त्या तोंडी बसल्या. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’ आणि धुके ‘थिक’ असते. अशा जोड्यांना इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, हा विचार जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडला आणि इंग्रजी शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे इंग्रजी कानावर कमी पडत असल्याने ही संगत मुद्दाम शोधून टिपून ठेवावी लागते.

खरी अडचण क्रियापदांची आहे. मराठीत आपण चूक करतो, गृहपाठ करतो, तक्रार करतो आणि खर्चही करतो. एकटे ‘करणे’ सगळीकडे पुरते. इंग्रजीत मात्र चूक ‘मेक’ होते, गृहपाठ ‘डू’ होतो, तक्रार ‘मेक’ किंवा अधिक औपचारिक भाषेत ‘लॉज’ होते आणि व्यापारी पत्रातला खर्च ‘इन्कर’ होतो. यामागे सरसकट लागू पडणारा नियम शोधण्यात वेळ घालवू नये. क्रियापद बहुतेक वेळा नामावरून ठरते, म्हणून अभ्यासाची सुरुवात नामापासून करावी, हा माझा ठाम सल्ला आहे. आमच्याकडील बऱ्याच क्लासमध्ये आजही सुट्या शब्दांच्या लांबलचक याद्या अर्थासह पाठ करून घेतात आणि त्या याद्या पत्र लिहायला बसल्यावर फारशा उपयोगी पडत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

माझ्या वहीत एका पानावर एकच नाम असते. उदाहरणार्थ, ‘इन्व्हॉइस’चे पान घ्या. मध्यभागी तो शब्द, डावीकडे त्याची क्रियापदे : बिल तयार करून पाठवणे म्हणजे ‘रेझ’ किंवा ‘इश्यू’, त्याची रक्कम चुकती करणे म्हणजे ‘पे’ किंवा ‘सेटल’. वरच्या बाजूला विशेषणे : मुदत उलटून गेलेले ते ‘ओव्हरड्यू’, रक्कम यायची बाकी असलेले ते ‘आउटस्टँडिंग’. पानाच्या तळाशी स्वतःच्या कामातले एक पूर्ण वाक्य, ज्यात माल राजापुरी हळदीचा आहे आणि ग्राहकाकडून पैसे यायचे आहेत. हे वाक्य स्वतः रचलेले असावे, कारण उतरवून घेतलेले वाक्य हाताशी राहते, पण डोक्यात राहत नाही. ‘लिमिट’चे पानही हळदीच्या धंद्यात लवकर भरते. परदेशी ग्राहक हळदीतील शिसे या धातूच्या प्रमाणाबद्दल काटेकोर असतात. प्रयोगशाळेच्या अहवालातले प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ते मर्यादा ‘एक्सीड’ करते, आणि माल ठरलेल्या निकषांत बसत असेल तर तो ‘स्पेसिफिकेशन मीट’ करतो. ‘सर्टिफिकेट’ देणारी संस्था ते ‘इश्यू’ करते, तर आपण ते ‘ऑब्टेन’ करतो.

अशा जोड्या ग्राहकांच्या पत्रांतून मिळतात, परंतु ग्राहकाची मातृभाषा इंग्रजीच असेल असे नाही, त्यामुळे पत्रात दिसलेली जोडी पडताळून पाहावी. त्यासाठी ऑक्सफर्डचा कोलोकेशन कोश उत्तम आहे; तो प्रथम २००२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. नामाखाली त्याची विशेषणे आणि क्रियापदे गटागटाने दिलेली असल्याने माझ्या वहीची रचना त्याच्याशी सहज जुळते. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे १० कोटी शब्दांचा लिखित आणि बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचा संग्रहही चाळून पाहता येतो. मनातली जोडी तेथे शोधली आणि ती जवळपास कोठेच आढळली नाही, तर पत्रात ती न वापरणेच बरे.

भारतीय कार्यालयांत रूढ असलेल्या काही जोड्यांविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. ‘डू द नीडफुल’ (आवश्यक ते करावे) किंवा उत्तर देणे या अर्थाने ‘रिव्हर्ट’ हे प्रयोग मुंबई-पुण्याच्या पत्रव्यवहारात सर्रास चालतात आणि त्यांना अशुद्ध ठरवण्याचे मला कारण दिसत नाही. परदेशी पत्रात मात्र अपेक्षित काम नेमके नाव घेऊन सांगावे आणि ‘रिप्लाय’ लिहावे, कारण तेथील वाचक ‘रिव्हर्ट’चा अर्थ ‘पूर्वस्थितीला येणे’ असा घेतो.

शब्दयोगी अव्ययांसारख्या छोट्या शब्दांचे वेगळे पाठांतर नको. ‘कम्प्लाय’ लिहितानाच त्यापुढे ‘विथ’ लिहावे आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही, अशी नोंद त्याच ओळीत करावी.

नवीन माणसाने सुरुवातीला ‘ऑर्डर’, ‘पेमेंट’, ‘शिपमेंट’, ‘सॅम्पल’, ‘क्वालिटी’, ‘कम्प्लेंट’ आणि ‘डेडलाइन’ एवढ्याच नामांची पाने भरावीत, कारण पेढीवरचे बहुतेक पत्र यांच्याभोवतीच फिरते. बेदाण्याच्या पेढीवर असाल तर त्यात ‘ग्रेड’ची भर घालावी. पुढची पाने रोजच्या टपालातून आपोआप सुचत जातात.