व्हिब्रिओ शिकायचाय? सुरुवात कोळंबीपासून करा

ठाणे-नवी मुंबईतली मायक्रोबायोलॉजीची पोरं निकाल लागले की विचारायला येतात, "समुद्रातल्या रोगजंतूंवर काम करायचंय, जहाजावर जायला मिळेल का?" मिळेल, पण उशिरा. त्याआधी एक समज डोक्यातून काढावा लागतो.

समुद्रातले घातक जीवाणू म्हणजे आपल्याच गटारांतून वाहून गेलेले, असं बहुतेकांना वाटतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. खारं पाणी आणि ऊन त्याला फार सोसत नाही. व्हिब्रिओ हा जीवाणूंचा गट (कॉलऱ्याचा जंतू त्यातलाच) मात्र समुद्राचाच रहिवासी. जिथे सांडपाण्याचा मागमूस नाही अशा भर समुद्रातही तो सापडतो : कोपेपॉड या बारीक कवचधारी प्राण्याच्या कायटिनच्या कवचावर, माशांच्या आतड्यात आणि आता तरंगत्या प्लास्टिकवर. उत्तर अटलांटिकमधल्या प्लास्टिकवरचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला, त्यातल्या एका तुकड्यावर जवळजवळ चतुर्थांश जीवाणू व्हिब्रिओ होते.

म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. समुद्रातल्या बहुतेक व्हिब्रिओ कॉलरीत (कॉलऱ्याच्या जंतूची जात) कॉलऱ्याचं विष बनवणारी जनुकंच नसतात. ती एका विषाणूमार्फत जीवाणूत शिरतात, हे 1996 मध्ये कळलं. त्यामुळे "व्हिब्रिओ सापडला" हे निम्मंच उत्तर. कुठला, आणि कोणती जनुकं घेऊन, हे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून जनुक शोधायची पद्धत) करून सांगता आलं पाहिजे.

सरावाला जहाज लागत नाही. ठाण्याच्या खाडीचा बराच भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, तिथले नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी काढा. त्यापेक्षा दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून पावशेर कोळंबी आणा. ती अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये (व्हिब्रिओ वाढवणारं द्रव माध्यम) रात्रभर ठेवा आणि सकाळी त्या पाण्याच्या टीसीबीएसच्या (व्हिब्रिओ निवडून वाढवणारं घट्ट माध्यम) प्लेटवर रेघा ओढा. टीसीबीएस ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं यंत्र) घालत नाहीत, नुसतं उकळतात. नवखे हमखास घालतात. दुसऱ्या दिवशी गर्द हिरव्या प्लेटवर पिवळ्या आणि हिरव्या वसाहती (जीवाणूंचे ठिपके) दिसतील. साखर आंबवणाऱ्या व्हिब्रिओच्या जाती पिवळ्या (कॉलरी, अल्जिनोलिटिकस), न आंबवणाऱ्या हिरव्या (पॅराहिमोलिटिकस, बहुतेक वल्निफिकस). रंग लगेच टिपून ठेवा, प्लेट जुनी झाली की पिवळ्याही हिरवट पडतात. ऑक्सिडेज चाचणी (जीवाणू ओळखायची रंगाची चाचणी) टीसीबीएसवरून थेट करू नका, आधी मीठ घातलेल्या साध्या अगारवर उतरवा. मग बिनमिठाच्या पेप्टोन वॉटरमध्ये वाढवून बघा : कॉलरी वाढतो, पॅराहिमोलिटिकस नाही. दहा रुपयांच्या मिठात एवढी ओळख पटते, महागडं किट नंतर. आणि हाताला कापलेलं असेल तर हातमोजे घालाच. वल्निफिकस जखमेतूनही शिरतो.

प्लेटवर काही उगवलं नाही म्हणजे जीवाणू नव्हता, असं मात्र समजू नका. थंडीत, उपासमारीत व्हिब्रिओ जिवंत राहूनही वाढायचं थांबतो. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने 1980 च्या दशकात हे दाखवलं. म्हणूनच जहाजावर पाणी गाळून फिल्टर गोठवतात आणि डीएनए किनाऱ्यावर आल्यावर काढतात.

पुढचं शिक्षण : गोवा विद्यापीठात मरीन मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी आहे, कोचीला कुसॅट (कोचीन विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) आहे. नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा आधीच देऊन ठेवा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मुख्यालय गोव्यात असलं तरी मुंबईतही केंद्र आहे, तिथे प्रोजेक्टसाठी मेल टाकायला लाजू नका.

पगार लवकर हवा असेल तर तळोजा एमआयडीसी. तिथल्या मासळी निर्यात करणाऱ्या कंपन्यांना साल्मोनेला, कॉलरी, पॅराहिमोलिटिकस तपासणारी माणसं लागतात. काम रटाळ, पण हात बसतो. दुसरी वाट बॅलास्ट पाण्याची. जहाजं तोल सांभाळायला एका बंदरात भरलेलं पाणी दुसरीकडे ओततात. 2017 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यात विषारी कॉलरीची 100 मिलीलिटरमागे एकही वसाहत चालत नाही. न्हावा-शेवा आपल्या दारात आहे. अशा चाचण्या कोणत्या लॅब घेतात ते शोधा आणि मुलाखतीला जाताना आपल्या टीसीबीएस प्लेटचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.