नीतिशास्त्राची व्याख्यानं बघताना व्हिडिओ कुठे थांबवायचा

नीतिशास्त्र घरबसल्या शिकायचं असेल तर हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांच्या ‘जस्टिस’पासून सुरुवात करा. 2009 पासून ही व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत. एकूण 12 भाग, प्रत्येक भागात दोन व्याख्यानं. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. नाइट करून आले की झोप काढते आणि दुपारी एक व्याख्यान बघते. एकच. लागोपाठ दोन बघितली की पहिल्यातला प्रश्न मुरतच नाही. इंग्रजी भरभर वाटलं तर वेग कमी करा, सबटायटल लावा.

सँडेल वर्गाला पेचात टाकतात आणि हात वर करायला सांगतात. नेमकं तिथे थांबवा. वहीत आपलं उत्तर लिहा, खाली कारण लिहा, मग पुढे चला. नुसतं ऐकत गेलं तर प्रत्येक विद्यार्थ्याचं म्हणणं पटत जातं आणि हाती काही लागत नाही.

पहिल्याच व्याख्यानात एक डॉक्टर आहे. एका गंभीर जखमीवर दिवस घालवायचा, की तेवढ्या वेळात कमी जखमी असलेले पाच जण वाचवायचे? मी पटकन ‘पाच’ लिहिलं. कॅज्युअल्टीत असे निर्णय घ्यावे लागतात. मग दुसरा डॉक्टर येतो. अवयवांअभावी मरणारे पाच रुग्ण, आणि शेजारच्या खोलीत डुलकी घेणारा एक धडधाकट माणूस. त्याचे अवयव काढून पाचांना वाचवायचं का? इथे माझं उत्तर ठाम ‘नाही’. आकडे तेच, मग फरक कशात? याचं कारण दोन ओळींत तरी लिहा. तत्त्वज्ञ बेंथमचा उपयुक्ततावाद (ज्यात सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं, ते योग्य) आणि तत्त्वज्ञ कांटचा कर्तव्यविचार (परिणाम काहीही होवो, कर्तव्य म्हणून योग्य तेच करायचं) पुढे येतात, ते याच दोन ओळींना धरून समजतात.

कांट अवघड आहे. सहावा आणि सातवा भाग दोनदा बघाच. सातव्यात खोटं बोलणं आणि दिशाभूल होईल असं खरं बोलणं यांत फरक आहे का, यावर वाद रंगतो. रात्री नातेवाईक विचारतात, “सिस्टर, आमचे बाबा कसे आहेत?” आणि मी म्हणते, “बीपी सध्या स्थिर आहे.” ते खरं असतं, पण औषधांच्या जोरावर आहे, हे मी सांगत नाही. कांट याला खोटं म्हणणार नाही. मला मात्र ते पुरेसं वाटत नाही. समोरच्याने काय समजावं म्हणून मी ते वाक्य निवडलं, हेही मोजायला हवं. तुमच्या कामातलं असं एक वाक्य शोधा आणि त्यावर हा भाग घासून बघा.

नवव्या भागात अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रवेश देताना वंश विचारात घ्यावा का, हा वाद आहे. आपल्याकडचं आरक्षण लगेच मनात येतं, पण दोन्हींचा इतिहास आणि कायदा वेगळा आहे. सरसकट तुलना करू नका. इथे आधी विरुद्ध बाजू लिहा, त्या बाजूचा माणूस “हो, मला हेच म्हणायचंय” म्हणेल इतकी नीट.

हे झाल्यावर येल विद्यापीठातल्या शेली केगन यांची मृत्यूवरची व्याख्यानं घ्या. ती 26 आहेत, आणि केगन टेबलावर मांडी घालून निवांत शिकवतात.