चर्चच्या गायनवृंदातून रॉक बँडकडे

चर्चच्या गायनवृंदात एकत्र वाढलेल्या मुलामुलींना मुंबईत रॉक बँड उभा करायचा असेल, तर सरावाच्या खोलीतील कोणती वाद्ये चर्चची आणि कोणती बँडची, हे धर्मगुरूंशी आधीच बोलून घ्यावे. मग गाण्यांकडे वळावे. चर्चमध्ये गायली जाणारी मराठी भजने लिहिणारे ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. भारतीय कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे त्यांच्या भजनांना गिटार-ड्रम्सच्या साथीने नवी चाल लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही, मात्र हयात संगीतकाराची चाल उचलल्यास परवानगी घ्यावीच लागते. स्वतःची गाणी तयार होताच गीतकार व संगीतकार म्हणून कोणाची नावे लागणार हे लेखी ठरवावे आणि गाणी वाजवली गेल्यावर मिळणाऱ्या रॉयल्टीच्या हक्कासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचे सदस्यत्व घ्यावे. मैत्रीत हे बोलणे अवघड जाते खरे, पण न बोलणे अधिक महागात पडते. कार्यक्रम खुल्या मैदानात असल्यास रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला सामान्यतः बंदी असते, आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू शकतो. धोबी तलावाच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहातील रॉकच्या मैफली शांतता क्षेत्राच्या याच नियमामुळे थांबल्या.